एका ओळीचा फरक

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.४०

ही वही आजपासून सुरू. रोज ऑफिस सुटायच्या आधी दहा मिनिटं लिहायचं. चांगला प्रोग्रामर विचार कसा करतो, याची कुठेतरी नोंद राहायला हवी. कुणाला दाखवायची नाही. दाखवली तरी कळणार नाही.

आज मीटिंग. आपल्या औषधांच्या फॉर्मबद्दल हॉस्पिटलकडून लेखी तक्रार आलीय. फॉर्म मी लिहिलेला. वॉर्डात बेचाळीस खाटा, प्रत्येक खाटेची एक ओळ. डॉक्टरांचा राउंड झाला की सिस्टरने ज्या त्या पेशंटच्या ओळीत औषध आणि गोळ्यांची संख्या भरायची आणि सेव्ह दाबायचं. सेव्ह केलं की पेज रिलोड होतं आणि सरळ वर जाऊन बसतं, एक नंबरच्या खाटेपाशी. म्हणजे तिसाव्या खाटेचं भरून झालं की एकतिसावीपर्यंत पुन्हा वरून घसरत यायचं. दिवसातून शंभरदा. तक्रार एवढीच.

साहेबांनी विचारलं, किती वेळ लागेल. मी सगळ्यांदेखत सांगितलं, अर्धा दिवस. भिंगाने मान वर करून पाहिलं. भिंग म्हणजे आमची टेस्टर. मी केलेल्या कामात खोट काढायचा पगार घेते. नाव मी ठेवलंय, तिला माहीत नाही. "अर्धा दिवस नक्की ना, सर?" म्हणाली. मी नुसता हसलो. अशा वेळी बोलू नये.

तक्रारीखाली सही ताईची आहे. माझी सख्खी मोठी बहीण, त्याच वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. मला एक फोन करायचा सोडून कंपनीला पत्र. तसे तिने फोन केले होते, पाच-सहा. प्रत्येक वेळी मी तिला माऊसचं चाक जोरात फिरवायला सांगितलं होतं.

४ मार्च, मंगळवार

काम सुरू केलं नाही. टेबल आवरलं, खुर्चीची उंची बदलली, पुन्हा पहिल्यासारखी केली. अर्धा दिवस म्हणालो होतो. कुठल्या दिवसाचा अर्धा, ते म्हणालो नव्हतो.

५ मार्च, बुधवार. दुपारी १.१५

झालं. सोपं होतं. सेव्ह दाबायच्या क्षणी पेज वरून किती खाली आलंय ते मोजून ठेवायचं आणि रिलोड झाल्यावर तेवढंच खाली न्यायचं. बस. हे फॉर्म लिहिताना का केलं नाही, असं साहेब म्हणाले. तेव्हा कुणी मागितलं नव्हतं, असं मी सांगितलं. माणसाने न मागता देऊ नये, किंमत राहत नाही.

वीस वेळा सेव्ह करून पाहिलं. वीसही वेळा पेज जागचं हललं नाही.

संध्याकाळी ५.३०

भिंगाने विचारलं की तपासताना यादीत किती पेशंट होते. तीन, म्हणालो. तीन ओळींचं पेज मुळात स्क्रोलच होत नाही, असं ती म्हणाली. खरं आहे. तरीपण हललं नाही हेही खरं आहे.

उद्या बेचाळीस पेशंट घालायचे.

७ मार्च, शुक्रवार

बेचाळीस पेशंट घातले. नावं सुचेनात म्हणून सासरची सगळी मंडळी भरती केली. मेव्हण्याला जुलाबाचं औषध दिलं. आता खरंच चालतंय. सेव्ह केलं की पेज क्षणभर वर जातं आणि दचकल्यासारखं खाली येतं. तो दचका मला आवडला, काहीतरी घडतंय असं वाटतं.

दुपारी भिंग खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. हे लक्षण चांगलं नसतं. म्हणाली, "सर, गोळ्यांची संख्या रिकामी ठेवून सेव्ह करून बघा." केलं. तेवीस नंबरची ओळ कोरी झाली आणि संख्या भरा, अशी लाल पट्टी पेजच्या वर आली. ती यायलाच हवी, मीच बसवलीय. "आता कर्सर कुठेय बघा." कर्सर तिथेच होता. पण त्याच्याखाली तेवीस नंबरची खाट होती तिथे आता बावीस नंबरची आली होती. लाल पट्टीने सगळी यादी एका ओळीने खाली ढकलली. माझा प्रोग्राम मोजून त्याच अंतरावर आला. अंतर बरोबर, खाट चुकीची.

माझ्या अंतरात चूक नाही, हे तिने मान्य केलं. पण "सिस्टरच्या लक्षात आलं नाही तर तेवीसचं औषध आणि संख्या त्या बावीसमध्ये भरतील," असं तिचं म्हणणं.

मी तिला शांतपणे समजावलं. सिस्टर लोक संख्या रिकामी ठेवत नाहीत. ठेवली तरी लाल पट्टी दिसते. ती नाही दिसली तरी खाटेचा नंबर दिसतो. इतक्या सगळ्यांतून निसटून चूक होणं म्हणजे दुर्मिळ. तिने ही चूक बग म्हणून नोंदवलीच होती. मी त्यावर "दुर्मिळ, नंतर पाहू" असं लिहून बंद केला.  भिंग उठून गेली, खुर्ची मात्र तिथेच ठेवली.

अंतराऐवजी खाटेचा नंबर लक्षात ठेवला तर हे होणार नाही, हे मला दिसतंय. तासा-दोन तासांचं काम. पण शुक्रवार आहे, आणि साहेबांना आजच पाठवायचंय.

पाठवलं.

१० मार्च, सोमवार

ताईचा फोन. फार खूश होती. म्हणाली, पेज जागच्या जागी राहतं, राउंडनंतरचं काम पाऊण तास आधी उरकलं. मेट्रनबाईंना स्वतः जाऊन सांगून आली, भावाने दुरुस्त करून दिलं म्हणून. जुनी कागदी नोंदवही बंद करून हा फॉर्म घ्यायला मेट्रनबाईंना तिनेच राजी केलं होतं, माझ्या शब्दावर. गेले तीन महिने बाकीच्या सिस्टर तिला टोचून बोलत होत्या. आता गप्प बसल्या म्हणाली.

"तू हुशार आहेस रे, फक्त हलत नाहीस," असंही म्हणाली. पहिला भाग लिहून ठेवतो.

१२ मार्च, बुधवार

साहेबांनी हॉस्पिटलात पाठवलं, फॉर्म प्रत्यक्ष कसा वापरतात ते बघून यायला. दुसऱ्या एका हॉस्पिटलला आपला फॉर्म दाखवायचाय आणि तिथे मी बोलायचंय. विषय मीच सुचवला, "जागा न सोडणारा फॉर्म".

ताईचा वॉर्ड लांबलचक आहे. दोन्ही बाजूंना खाटा, मधून चाकाची ट्रॉली, ट्रॉलीवर कॉम्प्युटर. स्क्रीन माझ्या लॅपटॉपच्या निम्मी. एका वेळी सहाच ओळी दिसतात, आणि वरची लाल पट्टी खाली स्क्रोल केल्यावर दिसतच नाही. हे मला नवीन होतं. नोंद घेतली.

ताई भरत होती. पेशंटचे नातेवाईक बोलावतात, फोन वाजतो, कुणाचं सलाईन संपतं, ती मधेच उठून जाते, परत येते. सेव्ह दाबताना डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर त्या ओळीला टेकवून ठेवते. हे कशाला म्हणून विचारलं. म्हणाली, सवय, आणि कधी कधी एक ओळ इकडची तिकडे झाल्यासारखी वाटते. मी म्हटलं, माऊस जुना झालाय तुमचा. तिने माऊस उचलून पाहिला आणि मान हलवली. माझं बोलणं तिला लगेच पटतं, लहानपणापासून.

बावीस नंबरला एक काका आहेत. घड्याळं दुरुस्त करतात. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेत. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "चार मिनिटं पुढे आहे तुमचं." मी म्हटलं, मुद्दाम ठेवलंय. मुद्दाम ठेवलेलं नाही. काढून द्या, करून देतो म्हणाले, खाटेवर बसल्या बसल्या. उशाशी छोटी पेटी होती, चिमटे आणि डोळ्याला लावायची काच. सिस्टरची तीन घड्याळं त्यांनी तिथेच चालू करून दिलीत. मी घाईत होतो.

१४ मार्च, शुक्रवार

मी बंद केलेला बग भिंगाने पुन्हा उघडला. मला न विचारता. खाली लिहिलंय, "वॉर्डातल्या लहान स्क्रीनवर लाल पट्टी दिसत नाही, त्यामुळे दुर्मिळ म्हणता येणार नाही." स्क्रीनचं मीच सांगितलं होतं तिला, जेवताना, गंमत म्हणून. हात दाखवून अवलक्षण.

मी लिहिलं, "सोमवारी नक्की." आता संपूर्ण शनिवार-रविवार मनावर ओझं राहणार, हे तिच्या लक्षात येत नाही.

१७ मार्च, सोमवार

भाषणाची तयारी. बावीस स्लाइड झाल्या. पहिल्या सातांत प्रश्न किती अवघड होता ते आलंय.

बग उद्या.

१८ मार्च, मंगळवार

स्लाइडचा रंग साहेबांना आवडला नाही. दिवस त्यातच गेला. बग उद्या पहिलं काम.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ११.२०

ताईचा फोन आला होता. नीट लिहितो.

काल दुपारी बावीस नंबरच्या काकांना रक्तदाब कमी करायच्या दोन गोळ्या दिल्या गेल्या. गोळ्या तेवीस नंबरच्या पेशंटच्या होत्या. काकांचा रक्तदाब आधीच कमी असतो. अर्ध्या-पाऊण तासाने ते बाथरूमला जायला उठले, घेरी आली, दारापाशी पडले. उजवं मनगट मोडलं. जिवावरचं टळलं, डॉक्टर लगेच आले.

यादीत बावीस नंबरसमोर त्या दोन गोळ्या लिहिलेल्या होत्या. यादीप्रमाणे दुपारच्या सिस्टरने दिल्या, तिचा दोष नाही. यादी सकाळी ताईने भरली होती.

ताई हळू बोलत होती. म्हणाली, "मीच भरलंय रे. माझ्या नावाने सेव्ह झालंय. मला आठवतंय, मी तेवीसमध्येच लिहिलं होतं. पण दिसतंय बावीसमध्ये. म्हणजे मला जे आठवतंय ते खरं नाही."

मी विचारलं, पहिल्यांदा भरताना संख्या राहिली होती का. म्हणाली, असेल, कुणीतरी हाक मारली होती, परत येऊन सगळं पुन्हा भरलं. मग म्हणाली, "का रे?"

मी म्हटलं, सहज.

दुपारी ३.००

फोनवर अशा तांत्रिक गोष्टी सांगणं योग्य नव्हतं. ती घाबरलेली होती. माणूस घाबरलेला असताना त्याला जास्त माहिती देऊ नये. शिवाय माझ्या फॉर्ममुळेच झालं, हे सिद्ध कुठे झालंय.

दुपारी ४.३०

सिद्ध केलं. तेवीसची संख्या रिकामी ठेवून सेव्ह केलं, औषध आणि संख्या डोळे मिटून पुन्हा टाइप केली. बावीसमध्ये गेली. आठ वेळा केलं. भिंग मागे उभी होती. किती वेळ होती, माहीत नाही.

२० मार्च, गुरुवार

बग दुरुस्त केला. आता अंतर मोजत नाही, खाटेचा नंबर लक्षात ठेवतो. वर कितीही पट्ट्या आल्या तरी पेज त्याच खाटेपाशी येतं. एक तास चाळीस मिनिटं लागली, चहासकट. हॉस्पिटलला पाठवताना सोबतच्या यादीत लिहिलं, "किरकोळ सुधारणा". पुढे कुणाला त्रास होणार नाही, हे महत्त्वाचं. मागचं उकरून कुणाचं भलं झालंय.

संध्याकाळी बायकोने विचारलं, ताईंचं काय झालं. जेवढं सगळ्यांना माहीत आहे तेवढं सांगितलं. ती म्हणाली, पण ताई चुकतील असं वाटत नाही. मी म्हटलं, वय होतंय. म्हणून झाल्यावर मला ते बरं वाटलं नाही. पण सत्तावन्न म्हणजे वय होतंच.

२२ मार्च, शनिवार

ताईने सोबत येतोस का म्हणून विचारलं. डोळे तपासायला. गेलो. भावाचं कर्तव्य.

दवाखान्याच्या बाकावर पाऊण तास बसलो. तिने पर्समधून एक कागद काढला. गेल्या महिन्याभरात आपल्याकडून आणखी कुठे चुकलं असेल, याची यादी तिने केली होती. गॅस बंद केला की नाही ते एकदा परत जाऊन पाहिलं. शेजारणीचं नाव पटकन आठवलं नाही. अशा अकरा गोष्टी. मला वाचून दाखवल्या आणि तुला काय वाटतं म्हणाली. मी म्हटलं, या माझ्याकडूनही होतात. ते तिने मी दिलेला धीर म्हणून घेतलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. तिने शेवटची ओळसुद्धा वाचली. नंबर तोच आहे, म्हणाले, डोळे उत्तम आहेत.

आम्ही बाहेर आलो. रस्ता ओलांडताना तिने माझी बाही धरली. पलीकडे गेल्यावर म्हणाली, "डोळे असते तर बरं झालं असतं."

मी विचारलं, म्हणजे.

"चष्मा बदलून भागलं असतं. आता डोकं तपासायला हवं."

तेव्हा सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तिची बस आली.

बस तिनेच दोन वेळा सोडली होती, माझ्याशी बोलण्यासाठी. ही तिसरी.

ठराव: सोमवारी सकाळी हॉस्पिटलला पत्र. मुद्देसूद. त्याआधी ताईला सांगायचं नाही, तिने माझ्यासाठी काही लपवायला नको. हा विचार मला मोठेपणाचा वाटला.

२४ मार्च, सोमवार

पत्राचा पहिला मसुदा. साडेतीन पानं. वाचून पाहिलं तर त्यात माझी चूक तिसऱ्या पानावर येते, आणि तीही "पेजच्या अंतरात झालेला अनपेक्षित बदल" अशी. दुसरा मसुदा अर्ध्या पानाचा. तो फार उघडा वाटला. तिसऱ्यात ब्राउझरची माहिती घातली.

दुपारी ताईचा फोन. चौकशी होईपर्यंत तिला वॉर्डातून काढून चादरी आणि कपड्यांच्या स्टोअरमध्ये बसवलंय. तेहतीस वर्षं वॉर्डात काढली. "इथे बरं आहे," म्हणाली. "चादर मोजायला चुकले तर कुणी पडत नाही." चौकशी शुक्रवारी.

शुक्रवार म्हणजे चार दिवस आहेत. घाईत पाठवण्यापेक्षा पत्र नीट झालेलं बरं.

२५ मार्च, मंगळवार

काकांना भेटून आलो. सफरचंदं नेली.

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पेटी उशाशीच होती, बंद. मी ताईचा भाऊ, हे त्यांना आठवत होतं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "त्यांना सांगा, रोज नका येऊ म्हणून. दुपारच्या सुट्टीत येऊन उभ्या राहतात आणि माफी मागतात. मला काय बोलावं कळत नाही."

मी हाताबद्दल विचारलं. दीड महिना प्लास्टर. मग बोटं किती वळतात ते बघायचं, असं डॉक्टर म्हणालेत. चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलायची तर बोटं वळायला हवीत, नाहीतर नाही. डाव्या हाताने प्रयत्न करून बघतोय, म्हणाले. चहाच्या कपाचा कान धरून दाखवला. कप हलला, चहा चादरीवर सांडला. मी रुमाल काढला, तर म्हणाले, असू द्या, तुमच्या ताई स्टोअरमध्येच आहेत ना आता, चादर देतील दुसरी.

त्यांनी हे हसून म्हटलं. त्यांच्या मनात काहीच नव्हतं.

काकांना सांगायचा प्रश्न नव्हता. आधी हॉस्पिटलला सांगायचं, मग इतरांना. क्रम पाळायला हवा.

२६ मार्च, बुधवार

पत्राचा पाचवा मसुदा. मायना बदलला.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी ४.१५

भिंग आली. खुर्ची ओढली नाही, उभीच राहिली. म्हणाली, "सर, हॉस्पिटलला कळवलंत?"

काम चालू आहे म्हणालो.

म्हणाली, बगची सगळी नोंद तिच्याकडे आहे. सात मार्चला उघडला, सात मार्चलाच मी बंद केला. चौदाला पुन्हा उघडला. अठराला ते काका पडले. वीसला किरकोळ सुधारणा. तारखा तिने पाठ म्हणाव्यात तशा म्हटल्या.

"त्या सिस्टर तुमच्या बहीण आहेत ना?"

हो म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा. उद्या चौकशी आहे, बारापर्यंत सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल. मलाही सातलाच साहेबांकडे जायला हवं होतं. मी गेले नाही."

आवाज चढवला नाही. उलट तिलाच रडू येईल की काय असं वाटत होतं. एकंदरीत तिने मला पूर्ण सहकार्य देऊ केलं, असा मी याचा अर्थ घेतला.

आज पत्र अंतिम केलं. सही केली. पाकिटात घातलं.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी साडेदहाला हॉस्पिटलात पोचलो. पाकीट खिशात. मेट्रनबाईंच्या खोलीबाहेर बाक आहे. तिथे बसलो. दार बंद. आत ताई, मेट्रनबाई आणि दोन डॉक्टर. मला बोलावलं तर सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं. पण मी आलोय हेच आत कुणाला माहीत नव्हतं. बोलावणार कोण.

शिपाई दोनदा आत गेला, बाहेर आला. त्याच्या हातात पाकीट देता आलं असतं. पण अशी गोष्ट शिपायाच्या हाती देऊ नये.

अकरा पस्तीसला दार उघडलं. ताई बाहेर आली. इस्त्रीची साडी, हातात तिचा तो अकरा गोष्टींचा कागद. मला पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. येऊन शेजारी बसली, माझा हात हातात घेतला. म्हणाली, "तू येशील असं वाटलं नव्हतं. बरं झालं आलास."

मग म्हणाली, की तिने चूक कबूल केली. स्मरणाची तपासणी करून घेते म्हणाली. वॉर्डात परत ठेवू नका, असंही स्वतःच सांगितलं. डॉक्टर चांगले आहेत, फार बोलले नाहीत.

माझा हात तिच्या हातात होता. दुसऱ्या हाताने पाकीट काढता आलं असतं. उजवा खिसा होता आणि उजवाच हात तिने धरला होता.

मी म्हटलं, ताई.

ती म्हणाली, "काही बोलू नकोस. नुसता बस थोडा वेळ."

बसलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. बाराला पाच कमी. बाराला दोन कमी. बारा. बारा वाजून सहा मिनिटांनी मेट्रनबाईंनी दार उघडून ताईला परत आत बोलावलं. त्यांच्या हातात एक कागद होता, प्रिंटरमधून नुकताच निघालेला, वर आमच्या कंपनीचं नाव. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ओळखत नव्हत्या. ताईने ओळख करून दिली. "माझा धाकटा भाऊ," म्हणाली. "फॉर्म यानेच केलाय."

मी आत गेलो नाही. पाकीट बाकावर ठेवलं. जिन्यापर्यंत जाऊन परत आलो आणि उचललं.

२९ मार्च, शनिवार

ताई घरी आली. सकाळी, फोन न करता. बायकोने चहा ठेवला, तर नको म्हणाली. कधी नको म्हणत नाही.

विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी सांगायला सुरुवात केली. लाल पट्टी, अंतर, ओळ. तिने पुन्हा तेच विचारलं, तेवढ्याच आवाजात. मी म्हटलं, असं होऊ शकतं हे सातला. झालंय हे एकोणीसला.

"डोळे तपासायला आलास त्याच्या आधी."

हो.

"मी कागद वाचत होते, तेव्हा माहीत होतं."

हो म्हणालो. मी पत्र लिहिलं होतं म्हणून सांगितलं. पाकीट आणून दाखवलं. तिने उघडलं नाही. हातात घेऊन पाहिलं, चिकटवलेलं आहे का ते. होतं. टेबलावर ठेवलं.

मग म्हणाली, "चुकलास ते कळतं मला. माझ्याही हातून वॉर्डात चुका झाल्यात. पण दहा दिवस मला वाटत होतं माझं डोकं जातंय. मुलीला सांगितलं मी, की मला कळेनासं झालं तर कुठे ठेवायचं ते आत्ताच ठरवू या. रडली ती. तू रोज फोनवर विचारत होतास, ताई, झोप लागली का."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी दिलं. त्यात "तांत्रिकदृष्ट्या" हा शब्द होता.

ती गेल्यावर बायको स्वयंपाकघरात होती. मी मागे जाऊन म्हटलं, थोडी चिडलीय, निवेल. बायको भांडी पुसत होती, थांबली नाही. म्हणाली, "मला म्हणालास, वय होतंय."

३१ मार्च, सोमवार

ताईला वॉर्डात परत घेतलं. फॉर्म बंद ठेवलाय, कागदी नोंदवही पुन्हा सुरू. साहेबांनी बोलावलं. दुसऱ्या हॉस्पिटलचं भाषण रद्द. साहेब स्वतः जाऊन काकांना भेटून आलेत, उपचाराचं सगळं कंपनी बघणार म्हणाले. मला म्हणाले, "सगळ्यांकडून चूक होते हो. ती लिहून ठेवलेली असताना तुम्ही तिला दुर्मिळ म्हणालात." यापुढे मी काहीही हॉस्पिटलला पाठवायच्या आधी भिंगाची सही लागेल. एका अर्थी माझ्यावरचा ताण कमी केलाय.

भिंगाला सांगायला गेलो की मी पत्र लिहिलेलं होतं. ती म्हणाली, "हो सर." आणि वाट बघत राहिली, आणखी काही म्हणायचंय का म्हणून. मी तिला तिचं खरं नाव घेऊन हाक मारली होती. ते आठवायला मला थोडा वेळ लागला. तिला ते समजलं.

२ एप्रिल, बुधवार

ताईला फोन. उचलला नाही. कामात असेल. वॉर्डात फोन घेता येत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

काकांकडे गेलो. या वेळी सांगितलं सगळं, उभ्यानेच. त्यांना आधीच माहीत होतं, ताईने सांगितलं होतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही सफरचंदं घेऊन आला होतात." एवढंच.  सिस्टर औषध घेऊन आली, तिच्या हातात नोंदवही होती. मी बाजूला झालो.

५ एप्रिल, शनिवार

दोन फोन. उचलले नाहीत. मेसेज टाकला. वाचलाय.

६ एप्रिल, रविवार. सकाळी १०.३०

बायको ताईकडे जेवायला गेली. ताईचा फोन तिला आला होता, काल संध्याकाळी, मी घरात असतानाच. मला चल म्हणाली नाही. निघताना दारात थांबली आणि विचारलं, ताईंना काही सांगायचंय का. मी म्हटलं, सांग की मला आज काम आहे, नाहीतर आलो असतो.

बरं म्हणाली आणि गेली.

काम नव्हतं.